चालत्या घराचे खिसे

"कूस बदलायची तर आधी सगळ्यांची परवानगी काढा. पाय लांब करायचे तर दार उघडून बाहेर ठेवा. काय तर म्हणे घर!"

हे पडद्याआडून आलं. पडदा मीच शिवलेला, चांगला जाड, अस्तर लावलेला; पण सासूबाईंचं तोंड माझ्या कानापासून एका उशीच्या अंतरावर होतं, तिथे अस्तर बिचारं काय करणार? त्यांना वाटत होतं त्या मनातच बोलताहेत. जुन्या घरात त्यांची खोली आणि माझं शिवणाचं मशीन यांच्यामध्ये दोन भिंती होत्या, त्यामुळे त्यांचं मनातलं मनातच राहायचं आणि आमचे संबंध उत्तम होते. या नव्या घरात आम्ही सवय म्हणून नुसते झोपून बघत होतो, आणि त्याला आतून भिंतच नाही. पुढे दोन खुर्च्या, मागे पलंग, मध्ये ओटा आणि समोरासमोर दोन बाक, आणि या सगळ्याखाली चाकं.

त्याला नेमकं काय म्हणायचं यावर आमच्यात एकमत झालेलं नाही. हे त्याला 'वाहन' म्हणतात. आई, म्हणजे सासूबाई, 'डबा' म्हणतात. खालच्या मजल्यावरचे कप्तान 'जहाज' म्हणतात. मुलीने फोनवर काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं, ते फारच चकचकीत होतं, ते आम्ही पाहुण्यांसाठी ठेवलंय. मी एकटी त्याला घर म्हणते, आणि एकटीच असले तर 'माझं घर' म्हणते.

त्याचं असं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा साखरेचा डबा दुसऱ्या फळीवर होता. अजूनही आहे. एकदा मी तो सोयीसाठी खालच्या फळीवर आणला, तर संध्याकाळपर्यंत तो आपोआप वर गेला. कोणी काही बोललं नाही, डब्यानेही नाही. इथे मात्र फळ्या कोऱ्या होत्या. साखर कुठे ठेवायची हे ठरवायला मी अख्खी सकाळ घेतली. इकडे ठेवून पाहिली, तिकडे ठेवून पाहिली, लांबून पाहिली. लांबून म्हणजे दारातून; याहून लांब जायला जागाच नाही. शेवटी खिडकीशेजारी ठेवली आणि मान तिरकी करून तिच्याकडे बघत चहा प्यायले. एवढा निवांत चहा मी कितीतरी वर्षांत प्यायले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ही साखर आईंच्या केसात होती.

म्हणजे झालं असं की हे म्हणाले, "बाजारापर्यंत जाऊन येऊ. वाहन हाताखाली आलं पाहिजे." मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात राहायला गेली होती. तिच्याकडे या घरातून जायचं, वाटेत मुक्काम करत, असा बेत होता, आणि आईंना नातीचं घर बघायची घाई झाली होती. आई मागच्या बाकावर बसल्या, मी त्यांच्याशेजारी, हे चाकावर. फाटकातून बाहेर पडेपर्यंत सगळं छान होतं. मग रस्त्याच्या कडेला एक कावळा बसला होता. नुसता बसला होता, यांच्याकडे बघतही नव्हता. यांनी ब्रेक दाबला.

साखर गेली. मग तांदूळ गेले. मग ताटल्यांनी कपाटाचं दार स्वतःच उघडलं आणि एकीमागे एक अशा शिस्तीत बाहेर आल्या. अंडी सगळ्यात शेवटी आली, पण ती आल्याचं सगळ्यात जास्त कळलं. किटली आईंच्या मांडीत येऊन बसली, जणू तिला कोणी बोलावलंच होतं.

यांनी मागे वळून सगळीकडे नजर फिरवली आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "अगं, घर नीट बांधलं नव्हतंस."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर यांच्यावर अन्याय होईल. हे साधेसुधे वाहनचालक नाहीत. हे सरकारी खात्यात गाडी चालवण्याची परीक्षा घ्यायचे. शिकाऊ माणूस चाकावर, हे शेजारच्या सीटवर, आणि यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक. सगळी नोकरी यांनी त्या ब्रेकवर काढली. बाकी गाडी दुसराच कोणीतरी चालवायचा. स्वतःची गाडी घ्यायचा प्रश्न आला नाही, कारण ऑफिस घरापासून पायी जाण्यासारखं होतं आणि दिवसभर गाडीत बसून जीव मुठीत धरलेल्या माणसाला संध्याकाळी पायीच बरं वाटतं. तेव्हा चालवणं म्हणजे वेळेवर ब्रेक दाबणं, अशी यांची समजूत झाली असेल तर त्यात नवल नाही. अडचण एवढीच की यांच्या मते प्रत्येक वेळ ही तीच वेळ असते. कावळा, उडता कागद, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभं असलेलं मूल. ते खाली आलं तर?

आणि हे यांना सांगणार कोण? आमच्या इमारतीत ज्याच्याकडे म्हणून लायसन्स आहे, त्याच्यावर यांची सही आहे. दूधवाल्यापासून दाताच्या डॉक्टरांपर्यंत सगळे यांच्या हाताखालून गेलेले. मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते आणि ती गिऱ्हाइकांकडे माझ्या लहानशा टेंपोने पोचवते. त्या लायसन्ससाठी गेले तेव्हा पहिल्या खेपेला यांनी मलाही नापास केलं होतं. मागे घेताना आरसा बघितला नाही म्हणून. घरी येऊन पहिला घास घेतला आणि म्हणाले, "पुन्हा अर्ज कर." मी वाढलेलं ताट ओढून घेतलं नाही, याचं श्रेय माझ्या आईच्या संस्कारांना आहे.

या फेरीच्या आधी नव्या वाहनाची नोंद करायला गेलो होतो, तर खिडकीतले कारकून म्हणाले, "आत पलंग आहे, शेगडी आहे, म्हणजे हे घर झालं. घराचं काम पलीकडच्या इमारतीत." पलीकडच्या इमारतीतले म्हणाले, "चाकं काढून आणा, मग मोजू." आम्ही परत अलीकडे आलो. तेव्हा कळलं की एवढ्या लांबीच्या गाडीला जुनं लायसन्स चालत नाही, चालवणाऱ्याला नव्याने परीक्षा द्यावी लागते. यांना! यांचा चेहरा असा झाला, जणू स्वयंपाक्याला कोणी पाणी उकळून दाखवायला सांगितलंय.

परीक्षा घ्यायला आले ते यांचेच एकेकाळचे हाताखालचे, धाकटे साहेब. "साहेब, तुमची काय परीक्षा घ्यायची," असं लाजत म्हणत ते शेजारी बसले. गाडी मैदानाला एक फेरी मारून आली. धाकटे साहेब उतरले तेव्हा त्यांनी कपाळावर रुमाल धरला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही वहिनी. काच जरा जवळ आहे." मग रुमालाआडूनच म्हणाले, "पास. अर्थातच पास. साहेब आहेत."

हे म्हणाले, "आलीच आहेस तर तूही देऊन टाक. प्रवासात एखादवेळी माझं पोट बिघडलं तर?" मी चाकावर बसले. टेंपोपेक्षा हे धूड लांब होतं, पण वळताना ते टेंपोसारखंच आपल्याला सांगतं की आता बस, आता पुरे; ऐकायची सवय असली म्हणजे झालं. फेरी मारली, दोन खांबांच्या मधून मागे घेतली, थांबवली. धाकट्या साहेबांनी कपाळावरचा रुमाल काढून त्याची नीट घडी केली.

"वहिनी, तुम्ही तर..." ते म्हणाले, मग यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाणी मिळेल का?"

"आरसा बघितला तिने?" यांनी विचारलं.

"बघितला, साहेब."

"हं," हे म्हणाले. एवढं मला आठवडाभर पुरलं.

आता राहिला प्रश्न सामान बांधण्याचा. तो जाहीर होताच सल्ल्यांची रांग लागली, आणि रांगेत पहिले कप्तान. ते जहाजावर होते हे अगदी खरं. फक्त चालवायला नव्हते, कोठारात होते. "वहिनी, समुद्र म्हणजे काय खाऊ आहे? ताटलीखाली ओला फडका. पेल्यांना कठडा. बरण्यांच्या मध्ये गुंडाळलेले मोजे. आमच्या जहाजावर वादळात मिठाचा कण हलला नाही."

मी फडके ओले केले, कठडे लावले, घरातले सगळे मोजे कामाला लागले. हे दोन दिवस मोज्यांशिवाय बूट घालून फिरले. मग दुसरी फेरी काढली, पाण्याच्या टाकीपर्यंत. कप्तान पाठराखण करायला बरोबर आले. कोपऱ्यावर एका माणसाने रस्ता ओलांडायचा विचार केला. नुसता विचार, तो बिचारा अजून फुटपाथवरच होता. ब्रेक. यावेळी सामानाबरोबर ओले फडके आणि मोजेही आले, आणि एक मोजा कप्तानांच्या चष्म्यावर बसला.

"समुद्रात असं होत नाही," मोजा काढत कप्तान म्हणाले.

"समुद्रात काय होतं?" मी विचारलं.

"जहाज डावीकडे कलतं, उजवीकडे कलतं. सामान बाजूला जातं. हे सगळं..." त्यांनी समोर बघितलं. सगळा संसार यांच्या सीटच्या पाठीशी ढीग होऊन पडला होता. "हे सगळं पुढे आलंय."

"पुढे का येतं हो?" आईंनी विचारलं. अगदी निरागसपणे विचारलं. आईंचा निरागसपणा मी ओळखते, तो त्या ठेवणीतल्या लुगड्यासारखा काढतात.

कप्तानही यांच्याच परीक्षेत तिसऱ्या खेपेला पास झालेले. त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. मी अंड्यांकडे वळले. गाडीच्या आत सगळ्यांना सगळं कळलं होतं.

यांनीच शेवटी खाली वाकून एक चमचा उचलला आणि म्हणाले, "हे असं चालणार नाही. आईला लागलं असतं. अजून एक फेरी काढू. त्यात हा चमचा जरी पडला, तरी वाहन विकून टाकायचं. आगगाडीने जाऊ मुलीकडे."

विकून टाकायचं! हे बोलताना यांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्यावरून मला कळलं की ते खरंच विकतील, आणि विकून यांना सुटल्यासारखं वाटेल. मी खिडकीजवळच्या त्या रिकाम्या जागेकडे बघितलं, जिथे साखर होती. आगगाडीत मला साखर कुठे ठेवायची हे कोण विचारणार होतं?

माझं शिक्षण बेताचं. शिवणसुद्धा मी कोणाकडे शिकले नाही. जुने कपडे उसवून बघितले आणि उलट्या क्रमाने पुन्हा जोडले, एवढीच माझी शाळा. पण त्या शाळेत एक गोष्ट पक्की कळते, की कापड जिकडे ओढलं जातं तिकडे शिवण हवी. मी घरात मधोमध उभी राहिले आणि विचार केला. सामान पुढे येतं ना? येऊ दे. त्याला पुढेच जागा करून देऊ.

मी खिसे शिवले. सोफ्याचं उरलेलं जाड कापड काढलं आणि घरातल्या एकूण एक वस्तूला तिच्या मापाचा खिसा शिवला, अंगाबरोबर, जसा ब्लाऊज शिवतात तसा. किटलीला तिच्या चोचीसकट. ताटल्यांना एकेकीला वेगळा, म्हणजे भांडणं नकोत. अंड्यांना आतून कापसाचा. आईंच्या चष्म्याला, औषधांना, त्यांच्या पानाच्या डबीएवढ्या रेडिओला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही, की कुठल्याही खिशाचं तोंड वर ठेवलं नाही. तोंड मागे, गाडीच्या शेपटीकडे. पुढची बाजू दुहेरी टीप मारून बंद. आता यांनी जेवढ्या जोरात ब्रेक दाबावा, तेवढी वस्तू खिशात जास्त घट्ट बसावी. गाडी सुटताना सामान मागून बाहेर पडेल ही भीतीच नव्हती. हे इतक्या बेताने सुटतात की मुंग्याही कंटाळून पुढे निघून जातील.

काम पुरं झालं तेव्हा मी आईंना बोलावलं. त्यांनी एकेक खिसा बोटाने चाचपून बघितला. साखरेच्या बरणीचा बघितला, तिथे जरा जास्त वेळ थांबल्या. "खिडकीजवळ बरी दिसते," म्हणाल्या. माझ्या अख्ख्या संसारात मला मिळालेलं एवढं मोठं प्रशस्तिपत्रक दुसरं नाही. मी इतकी फुगले की त्या घरात मावेनाशी झाले.

कप्तान आले, त्यांनी किटलीला हिसका देऊन बघितला आणि "वहिनी, आमच्या जहाजावर तुम्ही हव्या होतात," म्हणाले. धाकटे साहेब मुद्दाम बघायला आले, पण आत बसायला नको म्हणाले, दारातूनच बघून गेले.

फेरीच्या दिवशी सकाळी मी पुसायला म्हणून घरात गेले. हे बाहेर चाकांची हवा बघत होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, परीक्षेच्या दिवशी घालायचे तसा. एकेका चाकापाशी वाकत होते, हाताने दाबत होते, पुन्हा उभं राहून कमरेवर हात ठेवत होते. मग दाराची मूठ धरली आणि धरून तसेच उभे राहिले. आत चढेनात. मी खिडकीतून बघत होते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ऊन अजून यायचं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. आज काही पडणार नव्हतं. साखर नाही, किटली नाही, काही नाही. ब्रेक बसणार होते आणि घर गप्प राहणार होतं. मग बोट कोणाकडे दाखवायचं? एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला मी एकही चूक शिल्लक ठेवली नव्हती. फक्त त्याची स्वतःची सोडून.

मी मशीनच्या डब्यातून उसवणी काढली. चमच्याचा खिसा उसवला, उलटा केला आणि तोंड पुढे करून हाताने शिवला. माझ्या हाताने, बघूनसवरून, चुकीचा. टाके घालताना बोटं ऐकत नव्हती, त्यांना असल्या कामाची सवय नाही. मग साखरेच्या बरणीकडे एकदा बघितलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "चला, अहो. तयार आहे."

निघालो. आई, मी आणि कप्तान मागे. फाटकाबाहेर कावळा होता. मला वाटतं तोच. ब्रेक. आम्ही तिघं एकदम पुढे वाकून आलो, जसं कोणी नमस्काराला सांगितलंय. आणि घर? घर जागचं हललं नाही. किटली गप्प. ताटल्या गप्प. अंडी गप्प. मला इतका अभिमान वाटला की मी क्षणभर चमचा विसरले.

टण्ण.

तो कप्तानांच्या बुटावर आपटून घरंगळत पुढे गेला आणि यांच्या सीटपाशी थांबला.

यांनी गाडी कडेला घेतली आणि उठून मागे आले. चमचा उचलला. आता आगगाडी, मी मनात म्हटलं, आणि हात मांडीवर घट्ट धरून बसले.

पण ते खिसे बघायला लागले. मी म्हटलं ना, हे साधे चालक नाहीत. बघणं हेच यांचं काम होतं आणि त्यात यांचा हात धरणारा कोणी नव्हता. किटली ओढून बघितली, ताटल्या बघितल्या, प्रत्येक खिशाच्या तोंडावरून बोट फिरवलं. मागे, मागे, सगळी तोंडं मागे. मग चमच्याच्या खिशाशी आले. तिथला टाका बघितला. दोरा खिशांच्या दोऱ्यापेक्षा वेगळा होता, घाईत हाताला लागला तो घेतला होता.

"हा उलटा आहे," ते म्हणाले.

"घाई झाली हो. चुकून शिवला."

"तू?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चुकून?"

एवढ्या वर्षांत मी यांच्या शर्टाचं एक बटणसुद्धा वाकडं लावलेलं नाही. ते त्यांना आत्ता, त्या कडेला उभ्या गाडीत आठवत होतं, हे मला दिसत होतं. कप्तान खिडकीबाहेरच्या एका अगदी सामान्य झाडाकडे मन लावून बघत होते.

"जाऊ दे रे बाळ," आई म्हणाल्या. "एक चमचाच तर पडला."

हे समोरच्या बाकावर बसले. चमचा दोन्ही हातांत धरला, उलटा केला, सुलटा केला. मग आईंकडे न बघता, माझ्याकडे बघून बोलले, परीक्षेचा निकाल सांगायचे त्याच आवाजात.

"आई, चमचा पडला नाही. तो हिने माझ्यासाठी पाडला." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या मांडीवरच्या हातांवर ठेवली. "आयुष्यभर मी माणसं नापास केली. त्यातला एकही माझ्याइतकं वाईट चालवत नव्हता. मला गाडी चालवता येत नाही. हिला येते. आणि मागे घेताना आरसा बघ."